बोचकारी

पाळीव प्राण्यांच्या दुकानात मावशी बेवारस मांजरांचा पिंजरा घेऊन बसायच्या. कुणी चांगलं घर देईल या आशेनं. त्यातली म्हातारी बोचकारी तोंड बांधलेल्या पोत्यात सापडली होती, आणि तेव्हापासून ती कुणाला हात लावू देत नव्हती.

"हिला पोत्यात कोंबणारा एकदा तावडीत सापडू दे, सोलून काढते मेल्याला!" मावशी येईल त्याला ऐकवायच्या.

"फटकवायलाच हवं असल्यांना," आजचे गृहस्थ म्हणाले. "आमची मांजर गेली हो. लेक धड जेवत नाही. एखादं गोंडस पिल्लू द्या."

लेक पिंजऱ्याशी वाकली. "अगं, बोचकारेल!" मावशी ओरडल्या. पण बोचकारी धावत आली आणि घुर्र घुर्र करत गजांना अंग घासू लागली.



"बाबा, हिला तर तू पुरून आला होतास ना?"