मुलखात एकच घर

काकांना आडनावाचा भारी तोरा. "सगळ्या मुलखात या आडनावाचं आपलं एकच घर!" हे ते ओळख करून देतानाच ऐकवायचे. आता कुळाचा इतिहास छापायचं खूळ डोक्यात शिरलं, म्हणून पुतणीला घेऊन ते चर्चच्या कचेरीत बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी चाळत बसले. पुतणी वाचायची, वहीत टिपायची, काका मान डोलवायचे.

काकांच्या आजोबांचं नाव पानोपानी होतं. बाळाला हातांवर घेऊन देवासमोर त्याची हमी घेणारा धर्मपिता म्हणून.

"बघ! घरच्या मोलकरणींच्या पोरांनासुद्धा आजोबांनी आधार दिला. लिही, देवमाणूस!"

पुतणीने बोट पुढे सरकवलं. आई, त्यांच्याच घरची स्वयंपाकीण. बापाचा रकाना कोरा. आई, त्यांच्याच घरची धुणेवाली. बापाचा रकाना कोरा. आई, त्यांच्याच गोठ्यात शेण काढणारी पोर, वय चौदा. तिथेही कोराच. धर्मपिता मात्र दर वेळी तेच, झोकदार सहीनिशी.

"काका, या सगळ्यांचे बाप कुठे गेले होते?"

काका चष्मा काढून उगाचच पुसत बसले. "जुनी मढी उकरू नयेत. पान उलट. आणि आपलं आडनाव किती दुर्मीळ आहे, ते लिहिलंस ना?"

पुतणीने वही मिटून त्यांच्या पुढ्यात ढकलली.

"तुम्हीच लिहा. पोटच्या पोरांनाही जे दिलं नाही, ते दुर्मीळ राहील नाही तर काय होईल!"