परतीचे नऊ झेंडे

“सातवा इथं रोवा,” बकाराम म्हणाला आणि त्यानं काठी जमिनीवर आपटली.

स्नेहलनं झेंडा रोवला. शेजारी टेकाडाच्या आडोशाला एक खोलगट खड्डा होता. “हा कुणाचा?”

“आमच्या कबरी गाईचा. पुसाच्या महिन्यात वारा सुटला का इथंच बसे, वाऱ्याले पाठ देऊन. मंग तिच्या पोरी बसल्या, नाती बसल्या. बसून बसून झाला.”

स्नेहल हरखलीच. गोल्फची मैदानं आखण्याचं शिक्षण घ्यायला ती तीन वर्षं स्कॉटलंडला राहिली होती. तिथली जुनी मैदानं कुणी कागदावर काढलीच नव्हती, हे ती सकाळपासून बकारामला सांगत होती. समुद्र आणि शेतं यांच्या मधली रेताड, पिकाला निरुपयोगी जमीन. तिथं मेंढ्या चरल्या, गवत आखूड झालं. वाऱ्यापासून लपायला मेंढ्या टेकाडांआड बसल्या, तिथं खड्डे पडले. माणसं नंतर आली आणि त्या खड्ड्यांना चुकवत चेंडू मारू लागली. यातली बरीच मैदानं गावापासून निघतात, चेंडूच्या भोकांवरचे नऊ झेंडे लांब जातात आणि नऊ झेंडे घरी परततात.

“म्हंजे आमच्या ढोरांसारखंच,” बकाराम म्हणाला होता.

नवेगाव बांधच्या तलावाकाठची ही पडीक टेकाडं एका कंपनीनं घेतली होती. कंपनीचा सुपरवायझर दुर्गेश याचा सरळ हिशेब होता : सगळं सपाट करायचं आणि वरून हिरवळ अंथरायची. टेकाडाखाली पोकलेन येऊन उभंही होतं. स्नेहलनं भांडून एक दिवस मागून घेतला होता. आज अंधार पडायच्या आत अठरा झेंडे जमिनीच्या कलानं लागले, तर जमीन जशी आहे तशी राहील. नाही लागले, तर उद्या पोकलेन.

बकाराम पुन्हा पुन्हा त्या पोकलेनकडे पाहत होता. चाळीस वर्षं त्यानं गावाची गुरं इथं चारली. ट्रॅक्टर आले, गुरं विकली गेली, गावाची गुरं गोळा व्हायची त्या आखरावर सकाळी जमायला एक शेपूट उरलं नाही. मग त्याची बायको नंदाबाई गेली. सहा वर्षं झाली. त्याच्याशी बोलणारं घरात कुणी नव्हतं आणि बाहेर ही टेकाडं होती. ती गेली तर त्याच्याजवळ काठीच तेवढी राहणार होती.

आठवा झेंडा लागला. नववा अगदी पाण्याजवळ लागला, गुरं पाणी पीत तिथं. दुपार कलली होती.

“झकास!” स्नेहल म्हणाली. “आता परतीची वाट दाखवा, काका.”

बकाराम वळला. चार पावलं चालला, थांबला. डावीकडे गेला, परत आला. पळसाच्या झुडपापर्यंत जाऊन पुन्हा आला. त्याचा चेहरा उतरला.

“क्या हुआ काका?” दुर्गेशनं घड्याळ पाहिलं. “रस्ता भूल गये क्या?”

“भुललो नाही. मले मालूमच नाही.”

“चाळीस वर्षं आलात ना इथून?” स्नेहलला खरं वाटेना.

“जाताना मी पुढं राहो. ढोरं वासरांले सोडून यायले तयार नसत, त्यांले हाका मारत न्या लागे. येताना ढोरं पुढं, मी मागं. वासरं बांधून राहत ना घरी. ढोरं पयत सुटत. मी वाट कायले पाहीन? शेपट्या पाहो.”

“मग आता तुम्ही एकटे कसे परतता?”

“डांबरी सडकेनं. फिरून. अंधार झाल्यावर.” तो काठीकडे बघत राहिला. “लवकर जाऊन काय करू, मॅडम? माही वाट पाहनारं कोनी हाये का तिथं?”

दुर्गेश पोकलेनवाल्याला फोन लावू लागला. स्नेहलनं त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि उरलेले नऊ झेंडे त्याच्या खांद्यावर टाकले.

“तू काकांच्या मागं राहा. काका, घराला कुलूप आहे?”

“कडी हाये फक्त. आखराजवळचं शेवटलं घर.”

“मी जीपनं पुढं जाते. तुमच्याकडे चहा ठेवते. या तुम्ही.”

“गॅस संपला हाये. चूल पेटवा लागन,” बकाराम म्हणाला; पण जीप निघाली होती.

तो तलावाकाठी उभाच राहिला. दुर्गेश कुरकुरत एका दगडावर टेकला. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. ऊन पिवळं पडलं.

मग गावाच्या कडेला, आखराजवळच्या शेवटच्या घरातून धूर निघाला. शहरातल्या पोरीला चूल कुठली जमायला! ओली लाकडं घातली असावीत, भसाभस धूर. बकारामनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्याचंच घर. नंदाबाई असताना याच वेळेला, याच जागेवरून तो धूर त्याला रोज दिसायचा, आणि रोज त्याला वाटायचं की आपण गुरांच्या मागून चाललोय.

त्यानं पाऊल उचललं. पळस डावीकडे टाकला, दोन टेकाडांच्या खिंडीत शिरला, पाझराच्या वरच्या अंगानं निघाला. कुठं वळायचं ते पायांना सांगावं लागलं नाही. काठी जमिनीला टेकायची राहून गेली.

“काका, धीरे!” मागून दुर्गेश धापा टाकत ओरडत होता. “झंडे तो गाडने दो!”