जड उचलायचं नाही

दवाखान्यात.
"गोळ्यांनी पोटाची चाळण झालीय, ताई. कंबर अशीच दुखत राहिली तर आमच्या ह्यांना पलंगावरून उठवणार कोण? त्यांचे दोन्ही पाय गेलेत."
फिजिओथेरपिस्टनं तिला उताणं झोपवलं आणि पाय दुमडून कंबर उचलायला शिकवलं. "गोळी बंद, व्यायाम रोज. आणि काकू, जड काही उचलायचं नाही."

घरी.
"जड उचलायचं नाही म्हणे! आता तुम्हाला काय माळ्यावर ठेवू?"
नवरा खो खो हसला. तीही हसली, आणि कळ आली तशी भिंत धरून खाली बसली. तो हसायचा थांबला.

पुन्हा दवाखान्यात, काही महिन्यांनी.
"तुमच्या हाताला गुण आहे हो, ताई! काल ह्यांना खुर्चीत बसवलं, पण कळ म्हणून आली नाही. अगदी फुलासारखे उचलले गेले."
"व्यायाम सोडू नका, काकू."



त्याच वेळी घरी, बायकोनं निघताना हाताशी ठेवलेलं जेवणाचं ताट नवरा रोजच्यासारखंच खिडकीतल्या मांजरापुढे सरकवत होता, "खा ग लवकर, ती यायच्या आत."