सशाच्या कानात

सगळ्या घरादाराने पोट धरधरून हसावं असा तो बाहुल्यांचा गाण्याबजावण्याचा सिनेमा होता, आणि त्यातला ससा बोलता करणारा बाप सकाळपासून टेबलाखाली उताणा पडून, हात वर करून त्याला नाचवत होता. गाणं संपलं, मंडळी दिवे हलवायला लागली, तेवढ्यात शूटिंग बघायला आलेली त्याची सहा वर्षांची लेक सशाच्या कानाला लागली. माइक त्याच कानात शिवलाय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"गुपित आहे हं. खाली बाबा आहेत, त्यांना कळता कामा नये. शनिवारी मी आणि आई मामाकडे जाणार. कायमचं."

बापाच्या हेडफोनमध्ये शब्द न् शब्द पोचला. ससा एका अंगाला कलंडला.

"ए, ऐकतोयस ना?"

त्याने सशाला सरळ केलं आणि सशाच्याच चिरक्या आवाजात विचारलं, "मग बाबांना करमेल का गं?"

"त्यांना काय! ते घरात चकार शब्द काढत नाहीत," लेक म्हणाली. "तू चल ना आमच्याबरोबर. तू किती छान बोलतोस माझ्याशी!"