धुक्यात बंद केलेलं इंजिन

तोरून नावाची एक बाई गावात बेकरी चालवायची. गावच्या बचावनौकेवर तिने स्वयंसेवक म्हणून नाव दिलं, तेव्हा कप्तान आस्ब्यॉर्न म्हणाला, "लोकांना बाहेर काढण्याआधी स्वतः पाण्यात राहून मदतीची वाट बघून घे." तरंगणारा पोशाख चढवून तिला खाडीच्या तोंडाशी सोडून नौका लांब गेली. तेवढ्यात धुकं उतरलं. इंजिनाचा आवाज कधी डावीकडून यायचा, कधी पाठीमागून. मग तो थांबलाच. आपल्याला सोडून गेले, असं तिला वाटलं. तोच धुक्यातून आस्ब्यॉर्नचा आवाज आला, "काहीतरी बोल बाई. तुझं ऐकू यावं म्हणून इंजिन बंद केलंय." नौकेवरचे तिच्यासारखेच स्वयंसेवक, न्हावी, मास्तरीण, पोस्टमन, सगळे श्वास रोखून आपल्या एका हाकेसाठी थांबलेत, हे तिला उमजलं. "मी इथेय," ती ओरडली. "बोलत राहा, थांबलीस तर कॉफी नाही," आस्ब्यॉर्न म्हणाला. धुक्यातून आधी तिच्याकडे पसरलेले हात दिसले, मग नौका.