पाचवा शिक्का

उतार लागला तशी मैमुनाबीने ब्रेकवरची बोटं काढून घेतली. तिची भाड्याची तीनचाकी सायकल खजुराच्या बागेला वळसा घालत अशी सुटली, की मागून नात मुनिबा ओरडायला लागली, "दादी, स्लो डाउन! प्लीज!"

"यल्ला!" दादीने उलट आरोळी ठोकली. 'चल, चल' म्हणणारा हा अरबी शब्द तिने महिन्यापूर्वी दुबईत उतरल्या उतरल्या उचलला होता आणि आता ती तो बिल्डिंगच्या लिफ्टलासुद्धा ऐकवायची.

त्या दोघींच्या बऱ्याच मागे मुश्ताक होता. जबल अलीच्या गोदामात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचं चढावर जे व्हायचं, तेच त्याचं झालं होतं. आईला जरा विरंगुळा म्हणून त्याने फुजैराच्या डोंगरातली ही वाट शोधून काढली होती. पाच जुन्या मशिदी, त्यांना जोडणारा बारा किलोमीटरचा रस्ता. चाला नाहीतर सायकल मारा. प्रत्येक मशिदीत कार्डावर एक शिक्का. मैमुनाबीचे चार झाले होते. उद्या तिचं परतीचं विमान होतं, आणि पुरं झालेलं कार्ड रत्नागिरीकडच्या आपल्या गावी नेऊन साऱ्या आळीला दाखवायचं, हे तिने सकाळी पहिल्या पॅडललाच ठरवलं होतं.

पाचवी मशीद सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत लहान निघाली. दगडमातीच्या भिंती, बाहेर ओटा, एक नळ. दार इतकं बुटकं, की उंटावरून उतरलेला शेखही वाकल्याशिवाय आत गेला नसेल.

मैमुनाबीने ओट्यावर बैठक मारली, दोघींची हेल्मेटं मांडीवर घेतली आणि आपलं कार्ड मुनिबापुढे धरलं. "जा, माझाही मारून आण." आधीच्या चारही ठिकाणी असंच झालं होतं.

पण इथे मोईन नावाचा राखणदार बसला होता. तो हसत उठला. "नहीं अम्माजी. यहाँ अपना ठप्पा अपने हाथ से. अंदर दीवार के ताक में रखा है."

"मैं अंदर?" मैमुनाबी गडबडली. "हमारे गाँव में औरतें मस्जिद में नहीं जातीं."

"यहाँ जाती हैं. और अभी तो नमाज़ का टाइम भी नहीं, अंदर कोई नहीं है."

मैमुनाबीने त्या बुटक्या दाराकडे पाहिलं. गावच्या मशिदीतल्या चटया दर रमजानच्या आधी तीच धुवायची, चाळीस वर्षं. कुठल्या चटईचा कुठला कोपरा उसवलाय, तिला पाठ होतं. त्या आत कुठे अंथरतात, ते मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. आज सकाळपासून प्रत्येक दाराशी तिला वाटलं होतं, जावं आत. कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण कुणी अडवतच नव्हतं.

तेवढ्यात मुश्ताक धापा टाकत पोचला. मुनिबाने त्याला काय चाललंय ते सांगितलं.

"अम्मी, जा ना," तो म्हणाला. "इथं सगळ्या बायका जातात. आपल्या बिल्डिंगसमोरच्या मशिदीत तर लेडीजसाठी वेगळा हॉल आहे."

"मग मला कधी नेलं नाहीस?"

"तू कधी म्हणालीच नाहीस."

"मॉलमध्ये ने, असं मी म्हणाले होते?"

मुश्ताकने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली आणली नाही.

मैमुनाबी उठली. बूट काढले, नळावर हात-तोंड-पाय धुऊन वजू केली, ओल्या हातांनीच ओढणी सारखी केली, कार्ड कमरेला खोचलं. दारात पोचल्यावर मात्र ती थांबली.

"मुनिबा, दादांना फोन लाव."

गावी तिच्या नवऱ्याने लगेच उचलला. पाचही वेळा मशिदीत जाणारा, हिशोबाने बोलणारा माणूस. "हां, बोल. सामान भरलं?"

"मी मशिदीच्या दारात आहे," ती म्हणाली. "आत जातेय."

पलीकडे गावातला एक कोंबडा आरवला.

"आत कोण कोण आहे?" नवऱ्याने विचारलं.

"कुणी नाही."

"मग नीट ऐक," तो म्हणाला. नव्या माणसाला समजावून सांगावं तसा त्याचा आवाज होता. "मागं बसू नकोस. पुढची रांग रिकामी ठेवून मागं बसायचं नसतं."

मैमुनाबीने फोन नातीच्या हातात दिला, वाकली आणि आत शिरली. गालिच्यावर रांगांच्या आडव्या रेघा होत्या. एकेक रेघ ओलांडत ती थेट पुढच्या भिंतीपर्यंत गेली.