पट्ट्याविरुद्धचा दावा

"तीन वर्षांत दुखण्याची एकही तक्रार नाही, साहेब. मग तुरुंगात हाल कसले?" सरकारी वकील हसले.

दावा लावणाऱ्या कैदी कमल डोईफोडेनं गळ्यातल्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "हा दुखणं मेंदूपर्यंत पोचूच देत नाही. माझ्या कोठडीतली शबाना अपेंडिक्स फुटून मेली, साहेब. जेवता जेवता. आमचे पट्टे काढा."

"बाई, काढल्यावर पहिल्या तुम्हीच बोंबलाल."

"बोंबलू द्या की!"

न्यायाधीशांनी मिनिटभर पट्टा बंद करायला लावला.

कमल ताठ मानेनं वकिलांकडे वळली. पण तिचा हात कमरेवर गेला, चेहरा पांढरा पडला आणि कठडा धरून ती खाली बसली.

"साहेब," तिनं कसंबसं विचारलं, "हे कधीपासूनचं असेल?"